कॅल्वसचा शब्द

चांगदेवआबांचा आवाज भीमेच्या दोन्ही काठांना ठाऊक होता. अल्याड शिरूर, पल्याड दौंड, मधे नदी. पण आवाजाला कुठला आलाय तालुका? यवतला नव्या दुकानाचं उद्घाटन असो, वरवंडला कुणाचा दहावा असो, नाहीतर केंदूरच्या घाटात बैलगाड्यांची शर्यत असो, माईक आबांच्याच हातात. रिक्षा सुभानची, टपावर बांधलेले दोन भोंगेही सुभानचे, बोलणं तेवढं आबांचं. तीस वर्षं ही जोडी एका सीटवर बसून भांडत होती आणि एकाच डब्यातलं जेवत होती.

आवाज बऱ्याच जणांना असतो हो. आबांच्या आवाजाला वजन होतं ते वेगळ्याच कारणानं. घाटात, म्हणजे शर्यतीच्या त्या चढावर, दोन जोड्या जवळजवळ बरोबरीनं वर आल्या, घड्याळवाल्यांची आपसांत जुंपली, गाडामालकांनी बाह्या सारल्या, की सगळा घाट आबांच्या माचाणाकडं बघायचा. आबा घसा खाकरायचे आणि माईकवर सावकाश म्हणायचे, “गड्यांनो, म्या डोळ्यांनी बघितलंय. पांढरी जोडी पुढं हाय. माझा शब्द हाय.” झालं. वर केलेल्या बाह्या खाली यायच्या. हरलेला मालकसुद्धा बैलांच्या पाठीवर थाप मारून गपगुमान घरची वाट धरायचा.

आणि असला हा शब्द या शहाण्या माणसानं पुण्याला नेऊन एका मोबाईलच्या गेममध्ये देऊन टाकला! कुणी मागितलाही नव्हता.

गेमचं नाव ‘रोमचा पट’. खेळणाऱ्याला एक गड मिळतो, थोडं सैन्य, थोडं धान्य, आणि चहूबाजूंनी शत्रू. एकेक चाल विचार करून खेळायची. शेजारी सल्ला द्यायला एक रोमन सेनापती उभा, तांबडा झगा, धारदार नाक, नाव कॅल्वस. गोड बोलतो, वाकून बोलतो, आणि आतून शत्रूला सामील. त्याचं ऐकून दार उघडलं की गड गेलाच म्हणून समजा. कंपनी हा गेम मराठीत करत होती, आणि कुणीतरी त्यांना आबांच्या घाटातल्या बोलण्याचं रील दाखवलं होतं. गेममधला राजा, राणी, शिपाई, इतकंच काय शत्रूसुद्धा छान शुद्ध बोलणारे घेतले होते. गावरान आवाज हवा होता तो फक्त दगाबाजाला. म्हणजे बघा, इमानदार तेवढे सगळे पुण्याचे आणि दगा देणारा आमच्याकडचा! पण आबांच्या हे ध्यानातच आलं नाही. काचेची खोली, कानाला हेडफोन, पुढ्यात चहा. माणूस हवेत होता.

कागदावर वाक्य होतं, “माझ्यावर विश्वास ठेवा, राजन.” आबांनी दोनदा म्हटलं आणि मान हलवली. “अहो, असं कोण बोलतं का? आमी असं बोलतो बघा. माझ्यावर सोडा, गड्यांनो. माझा शब्द हाय.” काचेपलीकडचं पोरगं खुर्चीतून उठून नाचलंच. “आबा, हेच! हेच पाहिजे!” मग त्यांनी कागद पुढं केला, आबांनी सही केली आणि पेढे घेऊन घरी आले.

सहा महिन्यांत पोरासोरांच्या मोबाईलमधून कॅल्वस बोलायला लागला. पुढच्या शर्यतीत आबा माईकवर म्हणाले, “माझा शब्द हाय,” आणि गर्दीतून कुणीतरी ओरडलं, “कॅल्वस!” सगळा घाट हसला. आबाही हसले, काय करणार? पण त्या दिवशी हरलेला मालक घरी गेला नाही, पंचाशी तासभर भांडत बसला. वरवंडला दहाव्याची वेळ सांगत रिक्षा फिरत होती तर मागं पोरं धावत होती, “कॅल्वस आठ म्हणतोय, म्हंजी नवाला!” अरे, मेलेल्या माणसाची तरी लाज धरा! आबांनी कंपनीला फोन लावला. तो डायलॉग तेवढा काढून टाका म्हणाले. पलीकडची मुलगी फार गोड बोलली. “सर, तोच तर हिट आहे. आणि सही झालीये ना आपली.”

आबांनी फोन ठेवला आणि त्या दिवसापासून तोंड उघडायच्या आधी ते थबकायला लागले. ज्या गळ्यावर आयुष्य काढलं त्याच गळ्यात माणूस अडकला. खरं बोलावं तर कॅल्वस, गप्प बसावं तर पोट कसं भरणार?

घरात मात्र एक माणूस या कॅल्वसवर खूश होतं. आबांची नात, समृद्धी. चौथीतली, बारकी, हट्टी. बाप ट्रेलरवर, पंधरा-पंधरा दिवस गुजरातकडं. आई सारिका रांजणगावच्या एका कंपनीत पहिल्या पाळीला. पोरगी वाढली ती आबांच्या मांडीवर. त्याच मांडीवर बसून तिनं तो गड चौदा वेळा घालवला आणि पंधराव्या वेळी वाचवला.

“आबा, जमलं!” ती ओरडली होती. “लय सोपं हाय. कॅल्वस म्हणंल त्याच्या उलटं करायचं. तो म्हणला दार उघडा, की लावायचं. तो म्हणला आत बसा, की पळायचं. त्याचं एकबी ऐकायचं न्हाई, मग गड वाचतोय.”

“शाब्बास,” आबा म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

आता बिजल्याचं ऐका, कारण खरं दुखणं तिथंच आहे.

आबांची गाय व्यायली आणि चौथ्या दिवशी गेली. मागं राहिलं पांढरं खोंड, कपाळावर काळा ठिपका. समृद्धीनं त्याला बाटलीनं दूध पाजून वाढवलं. नाव ठेवलं बिजल्या. शाळेतून आली की दप्तर ओट्यावर आणि पोरगी गोठ्यात. पण ती गाय गाभण होती तेव्हाच, केंदूरच्या घाटात, भर माईकवर आबा बोलून बसले होते. नदीकाठच्या वस्तीवरचा ज्ञानेश, मोठा शौकीन गाडामालक, त्यानं माचाणाखालून हाळी दिली, “आबा, खोंड झालं तर माझ्या दावणीला!” आणि आबांनी ऐटीत सांगितलं, “दिलं! माझा शब्द हाय!” लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

पुढं एकदा समृद्धीनं विचारलं, “आबा, बिजल्या कुठं जाणार न्हाई ना?” आबा तेव्हा दाढी करत होते. गालाला साबण लावलेला, लक्ष आरशात. “न्हाई गं पोरी,” ते म्हणाले, “माझा शब्द हाय.”

एक खोंड आणि दोन शब्द. बोलून पोट भरणाऱ्या माणसाकडूनच अशी चूक होते; मुक्या माणसाकडून झाली नसती. आबांना आठवलं तेव्हा फार उशीर झाला होता. त्यांनी मनाशी हिशेब घातला: ज्ञानेशला दिलेला शब्द शेकडो माणसांनी ऐकलाय, पोरीला दिलेला कुणीच नाही. तिची समजूत काढू. आणि एका गुरुवारी, ती शाळेत असताना, ज्ञानेश टेम्पो घेऊन आला.

पोरगी घरी आली. खुंटीला दावं तेवढं लोंबत होतं. ती रडली नाही, हेच आबांना लागलं. रडली असती तर जवळ घेता आलं असतं. ती गोठ्यातून आली, आबांसमोर उभी राहिली आणि शांतपणे म्हणाली, “कॅल्वस.”

त्या दिवसापासून आबा हे नाव संपलं. “कॅल्वस, तुमचं ताट वाढलंय.” “कॅल्वस, तुमचा फोन वाजतोय.” अहो-जाहो सगळं जागच्या जागी, नाव तेवढं बदललं. सारिकानं दोनदा रागावून पाहिलं, एकदा धपाटा घातला. काही उपयोग झाला नाही. आबाच म्हणाले, “राहू दे सारिका. गाव म्हणतंयच की.” पण गावानं म्हटलेलं कातडीवर राहतं आणि हिनं म्हटलेलं आत जातं, हे त्यांनी सुनेला सांगितलं नाही.

पंधरा दिवस असे गेले. ऑगस्ट चालू होता, वरची धरणं भरली होती. एका सकाळी तलाठ्याचा निरोप आला, धरणातून पाणी सोडलंय, दुपारपर्यंत नदी वाढेल, काठच्या वस्त्यांना भोंग्यावरून सांगा. सुभाननं रिक्षा काढली. आबांनी माईक हातात घेतला, नेहमीसारखे थबकले, आणि सरळ वाक्यं बोलायला लागले. गुरं वर न्या, पाण्याच्या मोटारी काढा, नदीत उतरू नका. ‘माझा शब्द’ मात्र कुठं म्हटलं नाही.

अकराच्या सुमाराला रिक्षा ज्ञानेशच्या वस्तीजवळ आली तर ज्ञानेशची आई, धुरपदाबाई, अनवाणी धावत रस्त्यावर आली. पदर खांद्यावरून गळालेला, त्याचंही भान नाही.

“चांगदेवभाऊ! तुमची पोर! मोटारखोलीत हाय! खोंड घेऊन आत गेली आन् कडी लावून बसलीया!”

आबांना आधी कळेचना. पोरगी तर सकाळी दप्तर घेऊन शाळेला गेली होती. मग कळलं. शाळेत गेलीच नव्हती ती. दोन मैल चालत इथं आली होती, बिजल्याला सोडवून न्यायला. वस्तीवरची माणसं दिसली तशी दडायला जागा शोधली, आणि नदीच्या अगदी कडेला असलेल्या मोटारखोलीत खोंडासकट शिरली. खोली कसली, विटांचा ठोकळा. वर स्लॅब, दीड हाताचा चौथरा, एक लोखंडी दार, आणि वर हात पुरणार नाही अशी बारकी जाळी. आतून बाहेरचं काही दिसायचं नाही.

खोलीच्या अलीकडून एक ओढा नदीला मिळायचा. एरवी त्यात पाऊल बुडायचं नाही. आता नदीचं पाणी उलटं त्यात शिरलं होतं आणि खोलीभोवती तपकिरी पाणी फिरत होतं. वस्तीचा काठ ते खोली, चाळीस-पन्नास पावलं, आणि मधे छातीएवढी ओढ. ज्ञानेशनं आल्या आल्या डीपीवरून लाईट काढली होती, आता तो ट्रॅक्टरला दोर बांधत होता. सुभाननं शर्ट काढला, हवा भरलेली ट्यूब गळ्यात अडकवली.

“आबा,” ज्ञानेश म्हणाला, “दोर बांधून आमी जातो, पण येळ लागंल. तवर तिला कडी काढायला सांगा. ते दार बाहेर उघडतंय. चौथऱ्यावर पाणी चढून दाराला टेकलं की दाबानं आतनं मलाबी ढकलायचं न्हाई, पोरीचं काय घेऊन बसलाय! मग स्लॅब फोडल्याबिगर माणूस बाहेर येत न्हाई.”

पाणी चौथऱ्याच्या कडेपासून वीतभर खाली होतं.

आबांनी भोंगा पूर्ण मोठा केला. “समृद्धी! बाळा! म्या आबा बोलतोय! नदीला पूर आलाय, दार उघड आन् भायेर ये! सुभानचाचा न्यायला येतोय!”

भोंगा थांबला. पाण्याच्या आवाजातून, जाळीतून, एक बारीक आवाज आला.

“न्हाई उघडणार!”

“अगं पाणी वाढतंय! खरंच वाढतंय!”

“खोटं! मला भायेर काढून बिजल्याला नेणार तुमी! गडाला आग लागली म्हणून असंच दार उघडायला लावतो त्यो!”

कोण तो, हे काठावरच्या माणसांना सांगायची गरज पडली नाही. एक-दोघांनी आबांकडं पाहिलं आणि नजर वळवली. आज कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं वाटलं असतं, असं आबांच्या मनात आलं.

धुरपदाबाईंनी माईक ओढून घेतला. “पोरी, म्या सांगते, खोंड तुझंच हाय, ये भायेर!” कडी हलली नाही. ही तर खोंड नेणाऱ्याची आई, हिचं कशाला ऐकेल ती? सुभाननं दोर कमरेला बांधता बांधता माईकवर हाक मारली, “समूबेटा, चाचा आलाय!” तर आतून आवाज आला, “चाचा, तुमी त्यांच्याच रिक्षात असता!” खोटं काय होतं त्यात? सारिकाला फोन लावला; कंपनीत फोन गेटवरच ठेवून घेतात, तो कुठल्यातरी कप्प्यात एकटाच वाजत राहिला. ऑफिसचा नंबर लावला, कुणीतरी म्हणालं निरोप देतो, थांबा. थांबा म्हणे!

पाणी चौथऱ्याच्या कडेला लागलं.

सुभान आणि ज्ञानेश ओढ्यात उतरले. चार पावलांत पाणी कमरेला, सहाव्या पावलाला सुभानचा पाय घसरला, दोर ताणला गेला, माणसांनी मागं ओढला. पुन्हा उतरले. आबा काठावर माईक धरून उभे. आयुष्यात त्यांनी आवाजानं काय काय केलं होतं. भांडणं मिटवली, उधळलेली जोडी दिसताच हजारो माणसं एका हाळीत बाजूला केली. आणि आज एक कडी, एक बोटभर लोखंडी कडी, त्यांच्या आवाजानं हलत नव्हती. आवाज पोचत होता, प्रत्येक अक्षर पोचत होतं, आणि म्हणूनच ती दार उघडत नव्हती. माईक हातातून नदीत फेकून द्यावा असं त्यांना वाटलं. तो कॅल्वस, ती काचेची खोली, ती सही, तो दाढीचा साबण, सगळंच फेकून द्यावं. पण फेकून पोर बाहेर येणार होती का?

“समे,” ते पुन्हा बोलले, “मी चुकलो गं. तुला दिलेला शब्द मोडला. पण आज खरं सांगतोय. माझा श...”

पुढचं त्यांना म्हणवेना. जाळीतून उत्तर आलं, रडत, पण पक्कं. “तुमचं एकबी ऐकायचं न्हाई!”

एकबी ऐकायचं नाही. हे वाक्य त्यांनी आधी ऐकलं होतं. मांडीवर बसून, मोबाईल हातात धरून, पाय हलवत तिनंच म्हटलं होतं. कॅल्वस म्हणंल त्याच्या उलटं करायचं.

जे सुचलं ते इतकं भयानक होतं की त्यांनी एकदा मान झटकली. चौथऱ्यावर आता पाण्याचा पातळ थर फिरत होता आणि दाराच्या खालच्या पट्टीला फेस लागत होता. सुभान आणि ज्ञानेश निम्म्यात. विचार करायला वेळ होता कुठं?

आबांनी डोळे पुसले. घसा खाकरला. पुण्याला त्या पोरानं शिकवलं होतं तसा श्वास खाली घेतला, ओठांवर हसू आणलं, कारण तो म्हणाला होता की हसू आवाजात ऐकू येतं. आणि भोंग्यांतून, भरल्या नदीवर, रोमचा सेनापती बोलायला लागला. सावकाश. साखर पेरल्यासारखा.

“ऐका, गड्यांनो. दार उघडू नका.”

काठावरची माणसं वळून बघायला लागली.

“भायेर काय न्हाई. पाणीबिणी काय न्हाई. आत एकदम झाक हाय. कडीला हात लावू नका. आतच बसा, निवांत बसा, हलू नका. माझ्यावर सोडा.” आबांचा आवाज लोण्यासारखा. “माझा शब्द हाय.”

“अहो, येड लागलं का तुमाला!” धुरपदाबाईंनी त्यांचा सदरा धरून गदागदा हलवलं. “नात हाय तुमची! मारताय का तिला?” ओढ्यातून सुभाननं मान वळवून पाहिलं, तीस वर्षांत त्यानं आबांकडं असं कधी पाहिलं नव्हतं. आबांनी भोंगा बंद केला. आता करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

आता सांगा, कुठल्या आजोबानं असं मागणं मागितलं असेल? आबा ओठांतल्या ओठांत ग्रामदेवतेला म्हणत होते, आई, तिनं माझ्यावर भरवसा ठेवू नये. एवढ्या एका वेळी तरी ठेवू नये. तिच्या मनाच्या कोपऱ्यात कुठं आबाबद्दल माया उरली असेल, आणि तेवढ्या मायेपोटी ती म्हणाली, बसू आतच, आबा सांगतायत, तर खलास. पंधरा दिवस ते ज्या मायेचा एखादा कण शोधत होते, तो आज सापडू नये म्हणून त्यांनी हात जोडले होते.

पाण्याचा आवाज. नुसता पाण्याचा आवाज.

मग कडी वाजली.

दार बोटभर हललं, अडलं, पुन्हा हललं. आतून ती खांदा लावत असणार. पाण्यानं ते मागं दाबलं. परत एक धक्का, आणि या धक्क्याला बिजल्याचंही काळ्या ठिपक्याचं डोकं फटीतून बाहेर आलं. खोंडाला उजेड दिसला होता, ते रेटत होतं. दार उघडलं. समृद्धी उंबऱ्यात उभी राहिली, घोट्याएवढ्या पाण्यात, शाळेच्या ड्रेसवर, आणि चारी बाजूंचं ते फिरणारं पाणी बघून तिचं तोंड उघडं राहिलं.

“तिथंच थांब!” हे सुभान ओरडला. भोंग्याशिवाय, त्याच्या स्वतःच्या घशातून. तो आणि ज्ञानेश चौथऱ्याला जाऊन भिडले. ट्यूब पोरीच्या गळ्यातून काखेपर्यंत सरकवली. तिनं कासरा सोडला नाही, तेव्हा सुभाननं तो तिच्या मुठीसकट आपल्या हातात धरला. काठावरून वीस माणसांनी दोर ओढला. पोरगी पुढं, मागं मान वर काढून पोहणारं खोंड. दहा मिनिटांनी दोघं चिखलात उभी होती, आणि तेवढ्यात मोटारखोलीचं दार पाण्यानं धाडकन परत लागलं.

आबा पुढं झाले आणि दोन पावलांवर थांबले. जवळ घ्यायचा धीर होईना. धुरपदाबाईंनी आपल्या लुगड्याचा पदर पोरीच्या डोक्यावरून फिरवला.

“दार का उघडलंस गं?” सुभाननं दम खात विचारलं.

समृद्धीनं आबांकडं पाहिलं. डोळे लाल, दात वाजत होते. “त्यांनी सांगितलं उघडू नको,” ती म्हणाली. “म्हणून.”

आबांना एकाच वेळी हसू आलं आणि रडू आलं, आणि दोन्हीही त्यांनी आवरलं नाही. सगळ्या गावासमोर तो साठीचा माणूस चिखलात उकिडवा बसून हमसून हमसून रडला. पोर वाचली होती. आणि ती वाचली होती, कारण तिच्या लेखी आबांच्या शब्दात काही उरलं नव्हतं. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या आणि एकीशिवाय दुसरी झालीच नसती.

थोड्या वेळानं ते उठले, धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं आणि ज्ञानेशसमोर गेले. ज्ञानेश दोर गुंडाळत होता, गुडघा फुटलेला, रक्त येत होतं.

“ज्ञानेश, खोंड म्या परत नेणार. तुझा जो खर्च झाला असंल तो तुला पोचवतो.”

ज्ञानेश वाईट माणूस नव्हता. पण गाडामालक होता, आणि त्या खोंडावर त्याचा जीव बसला होता. “आबा,” तो म्हणाला, “पोरीसाठी म्हणत असाल तर माझं काय म्हणणं न्हाई. पण तुमी घाटात बोलला व्हता. माईकवर. सगळ्यांम्होरं.”

“व्हय. बोललो व्हतो.”

“मग?”

“मग मोडला.” आबा म्हणाले. “पुढल्या शर्यतीला माईकवर हेबी सांगीन. चांगदेवनं ज्ञानेशला दिलेला शब्द मोडला, म्हणून. सगळ्यांम्होरं.”

असं माईकवर सांगितल्यावर घाटात आबांचा निवाडा कोण मानणार, हे ज्ञानेशलाही कळत होतं आणि आबांनाही. मग तो म्हणाला, “न्या,” आणि दोर गुंडाळायला लागला.

आबांनी खोंडाच्या गळ्यातला ज्ञानेशच्या दावणीचा पट्टा सोडला. समृद्धी सगळं ऐकत उभी होती. तिनं विचारलं, “परत देणार न्हाई ना?”

आबांनी तोंड उघडलं. तीस वर्षांची सवय, ते तीन शब्द जिभेच्या टोकावर आले. त्यांनी तोंड मिटलं. खाली वाकून कासऱ्याचं टोक उचललं, तिच्या मनगटाभोवती एक वेढा घातला, आणि रिक्षाकडं चालायला लागले.

सुभाननं मागची सीट काढून टपावर बांधली, खोंड रिक्षात कसंबसं बसवलं. पुढं तिघं, सुभान, आबा, आणि कडेला ओलीचिंब समृद्धी, हात मागं वळवून कासरा घट्ट धरलेली. रिक्षा सुरू झाली. पुढच्या वस्त्यांना अजून सांगायचं होतं, नदी वाढतच होती. सुभाननं माईक आबांच्या हातात दिला. आबांनी तो मांडीवर ठेवला आणि बघत राहिले.

“सांगा की,” समृद्धी म्हणाली. “लोकं बुडतील न्हाईतर.”

आबांनी माईक तोंडाशी नेला. “नदीला पूर आलाय,” ते म्हणाले. “माझ्यावर जाऊ नका. स्वतः काठावर येऊन बघा, आन् वर निघा.”

एका घरातून एक बाई बाहेर आली, तिनं नदीकडं पाहिलं आणि गुरं सोडायला पळाली.

“कॅल्वस,” पोरगी म्हणाली, “तुमी जरा तिकडं सरका. बिजल्या मला दिसत न्हाई.”

आबा सरकले. घर येईपर्यंत तिनं कासरा सोडला नाही.